सातवी पायरी

यवतमाळ, ता. ४ मे १९५९

तीर्थरूप उकंडादादास,
धाकट्या गोविंदाचा सविनय जयभीम, वि. वि. आधी सा. न. लिहून खोडलं आहे. हाताची सवय जात नाही.

आमच्या छापखान्यात आपल्या खडकवाडीचा इतिहास आला आहे. भगवानराव गुरुजींनी लिहिलेला, आणि अक्षरांचे खिळे जुळवायला माझ्याच हाती. वेस, चावडी, देऊळ, सगळं ठीक. पायविहिरीपाशी आलो आणि हात थांबला. ती म्हणे पाटलांच्या आजोबांनी स्वतः उभं राहून बांधली. आपल्या कोंडबाआज्यानं चार वर्षं दगड घडवले, त्याचं नावही नाही. त्या कामाचा, पाटलांची मोहर उठवलेला कागद बाबांजवळ होता, त्यात आज्याचं नाव होतं. तो गुरुजींना दाखव. त्यांनी लिहून दिलं तर मालक ओळ बदलतील, पण सोमवार, १८ तारखेपर्यंतच.

रुखमावहिनींस जयभीम. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.
तुझा गोविंदा

खडकवाडी, ता. ८ मे

चिरंजीव गोविंदास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

कागद मला मागतोस? नागपूरहून धर्म घेऊन आलो, तेव्हा देव्हाऱ्यातलं गाठोडं पैनगंगेत सोडायला तूच पुढे होतास. बाबा तो कागद त्याच गाठोड्यात, देवांच्या टाकांखाली ठेवायचे. कायले घाई करता भाऊजी, एकदा गाठ सोडून पाहा, असं रुखमा म्हणत होती. तू ऐकतोस कशाला. घाई तुझी पाळण्यातलीच.

गुरुजींकडे गेलतो. कागद असन तर आण, म्हणे, तोंडी गोष्ट इतिहासात चालत नाही. पाटलांच्या आजोबांचा कोणता कागद पाहिला, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मग आठवलं. आज्याचं एक बोट सुरुंगात गेलं होतं. सातव्या पायरीच्या कडेला त्यानं आपला चार बोटांचा पंजा कोरला, असं बाबा सांगायचे. आपण तो पाहिलेला नाही; आपल्याला अजूनही पाणी वरूनच ओतून देतात. शिवाशीव बंदीचा कायदा यवतमाळपर्यंत आला आहे, इकडची मोटार त्याला मिळायची आहे.

गुरुजी उतरून पाहतो म्हणाले आहेत. पान थांबव.
तुझा दादा, उकंडा

यवतमाळ, ता. ११ मे

तीर्थरूप दादास,
सविनय जयभीम, वि. वि.

पान बाजूला ठेवलं आहे. रात्रंदिवस ते गाठोडं डोळ्यांसमोर येतं. धर्म घेतल्याचा पश्चात्ताप नाही, गाठ न सोडल्याचा आहे. आज्याचं नाव मीच बुडवलं. आता सगळी भिस्त पंजावर. रागावला असशील तर तसं लिही, पण लिही.
तुझा गोविंदा

खडकवाडी, ता. १५ मे

चिरंजीव गोविंदास,
आशीर्वाद आणि जयभीम.

गुरुजी मंगळवारी उतरले. पंजा दिसला असावा, कारण वर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बुधवारी पाटलांचा निरोप आला. पुस्तकासाठी फोटो काढायचा आहे, पायऱ्या झिजल्या, सिमेंट करून दे. गावात ते काम मलाच येतं. कामापुरतं मला खाली उतरू दिलं, जन्मात पहिल्यांदा.

पंजा आहे, गोविंदा. चारच बोटं. मी त्यावर हात ठेवून पाहिला. वर पाटील उभे होते, म्हणाले, सातवीपासून सुरुवात कर. थापी फेकून निघून यावं असं फार वाटलं. आलो नाही. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. मला याच गावात राहायचं आहे. सातवी पायरी आता गुळगुळीत झाली.

कागद तू बुडवलास, पंजा मी लिंपला. आता कोणी कोणाला बोल लावू नये. ओळ आहे तशीच जुळव. फक्त खिळे वाकडे बसवू नकोस. आपल्या घरात हातचं काम कोणी वाकडं केलेलं नाही.

रुखमा तुझी आठवण काढते. माया ठेव.
उकंडा