लीलाचं कॉलेज आणि माझी ट्रंक

८ जून १९७४, सांगली
माझी भाची लीला मॅट्रिकला फर्स्ट क्लास. तीन वर्षं माझ्याकडे राहिल्याचा परिणाम. आता मुंबईचं ते दगडी कॉलेज. घड्याळाचा मनोरा, रंगीत काचा. पांचगणीच्या कॉन्व्हेंटातल्या माझ्या वर्गातल्या मुली तिथंच गेल्या. वक्तृत्वाचा चांदीचा कप मी मिळवला, पण आमचे वडील बापू म्हणाले, पुरे झालं शिक्षण. असो. लीलाच्या सोबतीला मी मुंबईत राहणार. केवळ तिच्यासाठी. ट्रंक काढून पुसली.

९ जून
लीलाचा बाप, माझा भाऊ नानासो, पलूसहून आला. बापूंनी मला कॉन्व्हेंटात घातलं आणि त्याला उसात. दोघांवरही ते दिसतं. म्हणाला, "आक्का, पोरीला तरी इचार की."
विचारलं. तिला राहुरीच्या कृषी विद्यापीठात जायचंय म्हणे. यांचं खालचं रान मिठानं पांढरं पडलंय, ते सुधारायला शिकायचंय. शिवाय तिथं पिकवायला जमिनीचा तुकडा देतात. हे विद्यापीठ निघून सहा वर्षं झाली. माझी छत्री त्याहून जुनी आहे.

१० जून
निश्चय: रोज पहाटे पाचला लीलाचं इंग्रजी.

११ जून, सकाळी साडेआठ
उद्यापासून.

१४ जून
इंटरव्ह्यूची तालीम. विचारलं, आमचंच कॉलेज का निवडलंस? उलट मलाच विचारते, "आत्या, तिथं मायक्रोस्कोपला हात लावू देत्यात का?" म्हटलं, अशा कॉलेजात शिकले एवढं सांगितलं तरी पुरतं. म्हणाली, "मग रानाला काय सांगायचं?" उद्धट.

२० जून, मुंबई
इंटरव्ह्यू अप्रतिम. लीला पहिल्या प्रश्नाला अडखळली, म्हणून मी उत्तर दिलं. दुसऱ्यालाही. तिसरा प्रश्न तिच्या नावाचा होता; तेही सांगितलं. प्रिन्सिपॉलबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. बाहेर लीला कुलूपबंद काचकपाटातल्या मायक्रोस्कोपपुढं उभी. शिपाई वाईकडचा निघाला. म्हणाला, "दर दसऱ्याला पुसतो की, बाई." याला म्हणतात निगा.
प्रवेश पक्का. साड्या ट्रंकेत भरायच्या.

२७ जून, सांगली
कॉलेजचं उत्तर: आत्याबाईंचं इंग्रजी उत्कृष्ट, मात्र उमेदवाराविषयी मत बनवता आलं नाही. निषेध नोंदवणार.
नानासो खोकला येईपर्यंत हसला. "आक्का, ती मला म्हनलीच हुती, आत्याला बोलू द्या, काम हुतंय."
म्हणजे माझ्यावर भरवसा होता पोरीचा.

२ जुलै, राहुरी
केवळ तपासणीला आले. इथं मला बाहेर लिंबाखाली बसवलं. लीला आत अर्धा तास बोलली, मराठीत, माझ्या मदतीवाचून. मग प्राध्यापकांबरोबर रानात गेली ती कोपरापर्यंत चिखल घेऊन हसत आली. मलाही ट्रॅक्टर तपासायला दिला. दोन फेऱ्या मारल्या. पदर उडाला, चष्मा उडाला, कुंपणही थोडं. तिसरी फेरी ड्रायव्हर नको म्हणाला. त्या मुंबईच्या कॉलेजात बायकांना काय चालवू देतात? पंखासुद्धा नाही.
प्रवेश झाला. निर्णय सर्वस्वी माझा. आता इथंच खोली बघते. पोरीला आधार हवा.

३ जुलै
रेक्टरबाई म्हणाल्या, मुली होस्टेलवरच राहतात. पालकांनी महिन्यातून एका रविवारी भेटावं. विद्यापीठ तसं नवखंच.

९ जुलै, सांगली
नानासो ट्रंक न्यायला आला. साड्या काढून खाटेवर ठेवल्या. लीला निघताना पाया पडली. "आत्या, खालच्या रानातली माती डब्यात भरून ठेव. दिवाळीत येऊन तपासायची हाय." म्हटलं, आहे म्हण. म्हणाली, "आहे. पण ठेव हं."
उद्या पहिल्या एस.टी.नं पलूस. गजर लावला.

रात्री
डबा शोधला. धड झाकणाचे सगळे लाडू-चिवडा भरून ट्रंकेतून गेलेत. घरात उरला तो वक्तृत्वाचा कप. चार मुठी माती मावेल.