हळर्णचा नीरो, शंभर टक्के बिनदारूचा

४ फेब्रुवारी १९९१, सोमवार

आजपासून रोजनिशी. उद्या कोणी माझं चरित्र लिहायला घेतलंच तर त्याची पंचाईत नको. सध्या कोणी वाचू नये म्हणून तांदळाच्या डब्यामागे ठेवली. तिथे माझी बायको सुमंगला रोज दोनदा हात घालते हे नंतर लक्षात आलं. जागा बदलली.

बातमी : सुशिक्षित बेकार तरुणांच्या उद्योजक योजनेत माझी निवड झाली. आधी ट्रेनिंग, मग बँकेचं कर्ज, त्यावर सरकारी सबसिडी. मुलाखतीत साहेबांनी कोंकणीतून प्रश्न विचारले, मी मराठीतून उत्तरं दिली, त्यांनी ती इंग्रजीतून लिहून घेतली. कोणाला किती समजलं ठाऊक नाही. निवड झाली हे खरं.

७ फेब्रुवारी

प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिला. उतारा :

‘काजूचे बोंडू तुडवून झाल्यावर चोथ्यावर दगड ठेवतात. त्यातून जो स्वच्छ, गोड रस ठिबकतो तो नीरो. आमच्या पेडणे तालुक्यात तो त्याच दिवशी पितात, कारण नंतर तो आंबतो आणि फेणीच्या भट्टीवाल्याच्या कामाला येतो. हे पेय बाटलीत भरून बारा महिने विकल्यास परदेशी थंड पेयांची गोव्यातून हकालपट्टी होईल.’

‘हकालपट्टी’ साहेबांनी खोडून ‘स्पर्धा’ केलं. सरकारी माणसाची झेप तेवढीच.

९ फेब्रुवारी

बाबांशी बोललो. आमच्या डोंगरावरचे बोंडू दर वर्षी शंभू भट्टीवाला उचलतो. यंदा त्या पैशांतून घराची कौलं बदलायची होती. मी म्हटलं, बाबा, यंदाचे सगळे बोंडू मला द्या. कौलंच काय, स्लॅब घालू. बाबा शीतकढी जेवत होते. मग हात धुताना म्हणाले, “घे. पण एकच वरस.”

वडिलांचा विश्वास हीच खरी पुंजी. (हे वाक्य भाषणात वापरायचं.)

१८ फेब्रुवारी. पेडणे.

ट्रेनिंग सुरू. मार्केटिंगचं लेक्चर अप्रतिम. ब्रँड म्हणजे काय, गिऱ्हाइकाचं मन म्हणजे काय. मला हे सगळं जन्मतःच येत असावं.

२० फेब्रुवारी

फळप्रक्रियेचं लेक्चर. सुविधा मॅडम शिकवतात. बाई हुशार पण फार बारकाव्यात शिरतात. रस किती तापवायचा, बाटल्या कशा उकळायच्या, टिकण्यासाठी काय किती घालायचं. तेवढ्या वेळात मी लेबलचं डिझाइन पूर्ण केलं : मागे हळर्णचा किल्ला, पुढे बोंडू, वर सूर्य. नोट्स कोणाकडून तरी घेईन.

२ मार्च

नोट्स घेतल्या नाहीत. विचार केला. तापवलं म्हणजे निसर्ग संपला. रसायन घातलं म्हणजे विश्वास संपला. आपला ब्रँड ‘जसा झाडावर, तसा बाटलीत’.

सुमंगलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “झाडार बाटली फुटणा नाय.” ती सावंतवाडीकडची. तिकडची माणसं जरा तिरकी बोलतात.

१६ मार्च

कर्ज मंजूर. बुचं लावायचं हातमशीन आणलं. बाटल्या आल्या. पेंटरने पाटी रंगवून आणली, ‘गोकुळदास बेव्हरेजिस’ऐवजी ‘गोकुळदास ब्रुअरीज’. बदलून मागितली तर तो म्हणाला, दुसऱ्या रंगाचे पैसे वेगळे. तशीच लावली. इथे इंग्रजी वाचतो कोण?

शंभू पाटी वाचून थांबला. मग माझ्याशी हस्तांदोलन करून गेला.

५ एप्रिल

उत्पादन जोरात. सुमंगला बाटल्या धुते, मी मशीन दाबतो, बाबा डोंगरावरून टोपल्या आणतात. ताजा नीरो चाखला. अमृत! असं काही लोकांना बारा महिने मिळणार या विचाराने डोळे भरून आले. क्रेट माजघरात खाटेखाली रचले. थंड जागा.

९ एप्रिल

सुमंगला म्हणते, “खाटीखाली कोण तरी उसासे टाकता.” वाकून ऐकलं. खरंच बारीक सू-सू येतं. उंदीर.

११ एप्रिल

दुपारी एक बाटली फुटली. काचेचा दर्जा. म्हापशाच्या व्यापाऱ्याला कडक पत्र लिहायचं.

१४ एप्रिल

पत्र राहिलं. आणखी काही फुटल्या. एक बूच उडून देवघरातल्या समईवर टण्णकन आदळलं. मांजर जबाबदार असण्याची शक्यता. ते तेव्हापासून घरात येत नाही, म्हणजे बघा.

बाबांनी चटई ओसरीवर नेली. त्यांना वारा आवडतो. सुमंगलाने खाट सोडून स्वयंपाकघरात पथारी टाकली. तिलाही वारा आवडत असावा, मात्र स्वयंपाकघरात खिडकी नाही.

४ मे, शनिवार

उद्या म्हापशाला तरुण उद्योजकांचं प्रदर्शन! योजनेतल्या सगळ्यांना स्टॉल फुकट. आजच माल घेऊन बसने निघालो. सुमंगला बरोबर.

वाटेत पोत्यात दोन बाटल्या उडाल्या. ड्रायव्हरने टायर फुटला समजून बस थांबवली. सगळे उतरले. मीही उतरलो आणि प्रत्येक टायर काळजीने पाहिला. एका चाकाकडे बोट दाखवून “हा जरा मऊ वाटतो” असंही म्हटलं. सुमंगला बसमधून खाली आलीच नाही. मांडीवर पोतं धरून समोर बघत बसली होती.

५ मे, रविवार. म्हापसा. संध्याकाळ.

आज जे घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी दहाला स्टॉल उघडला. पहिल्या गिऱ्हाइकाने ग्लास संपवला, भुवया उंचावल्या, दुसरा मागितला. मग मित्रांना घेऊन आला. दुपारी माझ्यासमोर रांग! शेजारचं आमसुलाचं सरबत ओस, पलीकडचे पापड ओस. पापडवालीच आमच्या रांगेत. लोक पुन्हा पुन्हा येत होते. एक म्हातारे गृहस्थ भजन म्हणू लागले, मागच्यांनी टाळ्या धरल्या. मनात म्हटलं, हीच ती ब्रँड लॉयल्टी, जिच्याबद्दल लेक्चरमध्ये फक्त ऐकलं होतं.

सुमंगला कानाशी येऊन म्हणाली, “अहो, ही माणसां झुलतत.”

मी म्हटलं, भजन आहे, झुलणारच.

चार वाजता सुविधा मॅडम आल्या. मीच ग्लास पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“गोकुळदास, हे तापवलं होतं?”

“मॅडम, आपलं नैसर्गिक आहे.”

“ते कळलं,” मॅडम म्हणाल्या. “आधी विक्री थांबवा.”

मी थांबवणार तोच रांगेतल्या एका गृहस्थांनी ओळखपत्र काढलं. अबकारी खात्याचे. दुपारपासून साधं गिऱ्हाईक म्हणून पीत होते. अत्यंत नम्रपणे त्यांनी दारूविक्रीचा परवाना मागितला. बोलताना टेबल घट्ट धरलं होतं.

मी लेबल दाखवलं : ‘शंभर टक्के बिनदारूचा’. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. रांगेत फार हशा झाला. मीही हसलो. का हसलो ते आठवत नाही.

मॅडमनी मध्ये पडून शब्द टाकला. माल जागेवर ओतून द्यायचा, मग कारवाई नाही, असं ठरलं.

६ मे

काल लिहवलं नाही ते : सभागृहाच्या मागच्या गटारात सगळ्या बाटल्या ओतल्या. सुमंगला बुचं काढत होती, मी ओतत होतो. फेस गुडघ्यापर्यंत आला. ती मला काही बोलेल असं वाटत होतं. निदान तिकडच्या तिरक्या पद्धतीने. बसमध्ये बसल्यावर, कोलवाळचा पूल गेल्यावर म्हणाली, “पयल्या दिवसाक बरो गोड होतो.”

बस.

१२ मे

अपयशाचं विश्लेषण : (१) उष्ण हवामान. (२) काच. (३) लोकांची चव बिघडलेली. (४)

चौथं उद्या लिहीन.

१९ मे

बाबा जुनीच कौलं चाळायला घरावर चढले. नवी आता पुढल्या वर्षी बघायची. मी खाली उभा. एक वाक्य तयार ठेवलं होतं : ‘पहिलं वर्ष नेहमी गुंतवणुकीचं असतं.’ तोंड उघडलं, तेवढ्यात वरून आवाज आला, “शिडी धर.”

धरली. दोन्ही हातांनी धरावी लागते. बोलणं झालं नाही. चौथं कारण काय ते मात्र कौलं चाळताना बाबांच्या पाठीकडे बघून कळलं. ते लिहायची गरज नाही.

१० जून

माजघरात तीन ठिकाणी गळतं. भांडी ठेवली. बुचं लावायचं मशीन म्हापशाच्या एका सोडावाल्याने घेतलं, बँकेचा विषय मिटला. सबसिडीचा मिटला नाही, कारण ती आलीच नव्हती.

१ जुलै

पत्र! सुविधा मॅडमचं. नव्या बॅचच्या ट्रेनिंगला ‘अनुभवी उद्योजक’ म्हणून बोलावलंय. अनुभवी! म्हणजे वरच्या पातळीवर कोणीतरी माझ्याकडे दूरदृष्टीने पाहतंय. भाषणाला बसलो. विषय : ‘माझी वाटचाल’.

६ जुलै

भाषण तास-दीड तासाचं होतंय. विनोद घातले. वडिलांच्या विश्वासाचं वाक्य घातलं. काढलं. पँटला इस्त्री.

८ जुलै, सोमवार. पेडण्याहून परत. रात्र.

मॅडमनी माझं स्वागत केलं, मला फळ्याशेजारी उभं केलं आणि हातात रिकामी बाटली दिली. मी म्हटलं, “उद्योजक मित्रांनो,” आणि घसा खाकरला. मॅडम म्हणाल्या, “धन्यवाद.” मग वर्गाकडे वळून : “रस न तापवता बाटलीत भरला तर काय होतं, हे आपण आज शिकणार आहोत. हे ते गृहस्थ.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

मी खिशातून भाषण काढायला गेलो, तर त्यांनी हाताने खूण केली : तसेच उभे राहा, बाटली जरा वर. पूर्ण लेक्चरभर राहिलो. लेक्चर खरंच चांगलं आहे. फेब्रुवारीतही असंच असणार.

शेवटी मॅडमनी कोणी प्रश्न विचारणार का, असं विचारलं. तेरेखोलचा एक तरुण उठला. “सायबानु, बूच खंय मेरेन उडलां?” कुठपर्यंत उडालं ते मी देवघर, समई, मांजर, सगळं सविस्तर सांगितलं. एवढ्या शांतपणे आजवर कोणी माझं ऐकलं नव्हतं. टाळ्याही पडल्या.

मॅडम म्हणाल्या, प्रत्येक बॅचला येत जा. बसभाडं, चहा आणि बटाटवडा मिळेल. मी होकार दिला. म्हणजे योजनेतून अखेर मला काम लागलं.

संध्याकाळी घरी सांगितलं. बाबा मान हलवून गोठ्याकडे गेले. सुमंगलाने विचारलं, “थंय नेमक्या करूचा काय असता?”

म्हटलं, “उभं राहायचं.”

ती म्हणाली, “ता जमतला तुमका.”