एक काळे केलेले जाकीट आणि बाकीची मालमत्ता

माझ्या जाकिटाची कोपरे काळी कुणी केली, हे मी घरात विचारले. माझ्या मुलाने, तात्सुओने, स्वतःचे 'मी नाही' सांगितले आणि बायकोचेही त्यानेच सांगितले. एकतीस वर्षे अंगावर घालून ती कोपरे तपकिरी झाली होती. मे महिन्यात मी अकरा दिवस दवाखान्यात होते. परत आले तर खुंटीवर दुकानातल्यासारखे काळेकुट्ट जाकीट. हे आधी लिहिते, कारण नमस्कार-चमत्कारात मुद्दा राहून जातो.

तर मी, हारुए कुराशिना, वय पंच्याऐंशी, राहणार इमादो, तोक्यो, धंदा चामड्याची जाकिटे शिवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, मागे कुणी उभे नसताना लिहिते. गुडघे गेले, डोळे जात आहेत, डोके जागेवर आहे. शाळा एकच वर्ष झाली, मग युद्धात शाळाच जळाली. अक्षर चुकले तर वकिलांनी हसू नये. त्यांच्या कोटाचा खांदा मी पाहिला आहे.

१. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक मुलगा तात्सुओ याला. तो एकुलता आहे, म्हणून निवड करावी लागली नाही. घराला लागून असलेला पत्र्याच्या छपराचा शिलाईचा कारखाना वेगळ्या दस्तावर आहे, तो यात धरू नये. दवाखान्यात माझ्या हाताला सलाइन असताना तात्सुओ म्हणाला, "आई, कारखाना पाडला तर तीन गाड्या उभ्या राहतील."

मी म्हटले, "कुणाच्या? तुझी तर एकच आहे, तीही दाराला घासतोस."

"भाड्याने देऊ गं. तुझे डोळे गेले, आता शिवणार कोण?"

त्याचे उत्तर कलम पाचमध्ये आहे.

२. माझा नवरा एइसाकु कापायचा, मी शिवायचे. लेबलावर नाव त्याचे एकट्याचे. गिऱ्हाइके त्याला वाकून नमस्कार करायची आणि मला विचारायची, "चहा आहे का?" तो गेला त्या वर्षी, त्याने स्वतःसाठी राखलेले घोड्याचे कातडे मी माळ्यावरून काढले आणि माझ्या मापाने बेतले. आयुष्यभरात माझ्या मापाचे ते एकच जाकीट. त्याला लेबल लावले नाही. उरलेली लेबले डबाभर आहेत, ती त्याच्या फोटोपुढे ठेवावीत. त्याला आवडतील.

३. ते जाकीट नात चिझुरु हिला. ती नागोयाला बँकेत आहे. गेल्या वर्षी तिचा फोन आला, "आजी, मी लेदर जाकीट घेतलं! पहिल्या दिवसापासून एकदम मऊ!"

"मग उशीच घ्यायचीस."

"आजी!"

"पाठ किती तुकड्यांची आहे?"

"बघते हं... चार."

चार तुकड्यांच्या पाठीचे जाकीट म्हणजे कुणाच्या तरी उरलेल्या कातड्याची गोधडी. चिझुरु, पाठ अखंड बघ. काखेशी चिमटा घे, तिथे पोटाकडचे सैल कातडे लावून फसवतात. दोन्ही हात वर कर. घेर कमरेवरून सरकून बरगडीवर आला तर बाही चुकीच्या जागी लावली आहे, विकणारा काहीही म्हणो. बसूनही बघ, माणूस जन्मभर उभा राहत नाही. नवे असताना थोडे आवळलेच पाहिजे. पहिले वर्ष ते तुला त्रास देईल, मग तू त्याला. तारेच्या हँगरवर टांगू नकोस. कपाटात कोंडू नकोस, बुरशी येते. भिजले तर हिटरपुढे धरू नकोस, सावलीत वाळव आणि अंगावर घालून कामाला लाग.

हे कातडे आतून चहाच्या रंगाचे आणि वरून काळे आहे. जिथे माणूस वाकतो, टेकतो, घासतो, तिथला काळा रंग जातो आणि आतला चहा वर येतो. लोक त्यासाठी वर्षानुवर्षे थांबतात. माझा कुणीतरी एका दुपारीत पुसला. तू दहा वर्षे घाल, परत येईल. पण तो तुझा असेल, माझा नाही.

४. सून किमिए. बापाचे मासळीचे दुकान. एकोणतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली आणि महिन्याभरात म्हणाली, "आई, मला शिकवाल?" मी म्हटले, "तुझ्या हाताला मासळीचा वास येतो, कातड्याला लागेल." तिने परत विचारले नाही. दिवसातून दोनदा चहा आणायची आणि कप रिकामा होईपर्यंत माझ्यामागे उभी राहायची. चहा मी सावकाश पिते. या घरात तिला काही विचारले की तात्सुओ उत्तर देतो. जेवलीस का, हेसुद्धा. तिला माझी लोखंडी किटली. आणखी काही असेल तर पुढे.

५. सप्टेंबरात मी त्या जाकिटाची बाही उलटी केली. कुणीतरी मनगटाची शिवण उसवून, कोपराशी विरलेल्या जागी आतून पातळ कातड्याचे ठिगळ लावले होते, अस्तर नवे घातले होते आणि मनगट परत शिवले होते. कापडावर चुकले तर उसवता येते. कातड्यात सुईचे भोक पडले की कायमचे. मी नखाने एकेक टाका चाचपला. दोन्ही मनगटांना मिळून एकशे अठ्ठ्याऐंशी टाके, सगळे हाताने घातलेले, सगळे माझ्याच जुन्या भोकांतून. नवे भोक एकही नाही. हे मला आता पाच वर्षे जमत नाही. एइसाकुला कधीच जमले नाही.

तात्सुओला सुईचे टोक कुठले हे माहीत नाही. चिझुरु नागोयाला. उरली कोण ते मला मोजता येते. काळा रंग का फासला हेही कळते. मासळीच्या दुकानात वाढलेल्या बाईला शिळे दिसणारे बघवत नाही. रंग ही चूक आहे. ती मी माफ केलेली नाही.

कारखाना, दोन्ही मशिने, भोके पाडायच्या आऱ्या, कातडे कापायची रापी आणि पुठ्ठ्याचे सगळे नमुने मी त्या टाक्यांच्या धनिणीला देते. कायदा सुनेला आपणहून काही देत नाही, म्हणून हे लिहिले. पण तिने स्वतःच्या तोंडाने 'माझे' म्हटले पाहिजे. जी आपल्या शिलाईवर नाव सांगत नाही तिच्या शिलाईवर दुसऱ्याचे लेबल लागते. मी बत्तीस वर्षे लावून घेतले. कुणीच बोलले नाही तर कारखाना तात्सुओचा आणि तिथे तीन गाड्या उभ्या राहतील.

स्वतः लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत असे कळले. मला लागतात.

साक्षीदार: किन्झो ओगिहारा, बटणे व चेनचे व्यापारी. मात्सुए हिरुमा, कोपऱ्यावरच्या हमामखान्याची मालकीण.

ठिकाण इमादो. रेइवा पाचवे वर्ष, अठरा नोव्हेंबर.

हारुए कुराशिना (शिक्का)

शिक्क्याखालचेही धरावे. मी गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी विधीला सगळे जमतील तेव्हा, जेवणाआधी, ओगिहारांनी जाकीट उलटे करून विचारावे, "हे टाके कुणाचे?" कारखान्याची किल्ली त्यांच्या खिशात राहील. तात्सुओने तोंड उघडले तर हा कागद पहिल्या ओळीपासून परत वाचावा आणि जेवण थांबवावे. हवे तितक्या वेळा.

उत्तर किमिएने द्यायचे.