एका बापाचे दोघे

३ ऑगस्ट

तेजलला दिवस गेलेत! चौथा लागला म्हणे. सासूबाईंचा मुलुंडहून फोन आला, आनंद नुसता उतू चाललेला. धाकटी जाऊ माझी, लग्नाला धड तीन वर्षं नाहीत. आमचं नववं. अभिनंदन म्हटलं, फोन ठेवला आणि गॅसवरचं वरण विसरले. पातेलं काळंठिक्कर.

जळले मी. लिहून टाकलं. इथे कोण वाचतंय!

९ ऑगस्ट

घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंनी आज अनिरुद्धचा रिपोर्ट समजावला. त्याच्या वाय क्रोमोसोमचा एक तुकडाच नाही. म्हणून शुक्राणू इतके कमी. माझ्यात काही नाही! इतकी वर्षं आईंनी सांगितलेले उपास केले, अंगारे लावले, पपई सोडली, कुणाच्या बारशाला गेले नाही — आणि माझ्यात काही नाही!

"वाय बापाकडून मुलाकडे जातो," बाई म्हणाल्या. "वडिलांच्यातच तो तुकडा नव्हता की यांच्यात नव्याने गेला, ते आता सांगता येणार नाही. भाऊ असेल तर त्यालाही तपासून घ्या." सासरे तर कधीच वारले. तुकडा नसूनही काहींना मुलं होतात म्हणे, वय वाढलं की अवघड होत जातं. आम्हाला उपाय आहे. शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडायचा. पण मुलगा झाला तर त्याच्यातही तोच तुकडा नसणार.

रिक्षात अनिरुद्ध एवढंच बोलला, "आईला सांगू नकोस. हर्षदला तर नकोच." हर्षद म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, तेजलचा नवरा. सुईचं काय, विचारलं. रिपोर्टची घडी घालून खिशात कोंबला.

२१ सप्टेंबर

तेजलबाईंना कैरी हवी. सप्टेंबरात! हर्षदने शोधून आणली पण. मला ताप आला की माझा नवरा 'गोळी कपाटात आहे' म्हणून सांगतो.

१२ ऑक्टोबर

एक बाप, दोघे भाऊ. मग त्यांच्याकडे पाळणा आणि आमच्याकडे रिपोर्ट? असं कसं वाटप झालं?

तेजलने व्हॉट्सॲपला पोटावर हात ठेवलेला फोटो लावलाय. मी रोज उघडून बघते. मोठा करून बघते. लाज वाटते, तरी बघते.

३० नोव्हेंबर

वाट लावली मी सगळ्याची.

आज मुलुंडला तेजलचं डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा. पहाटेपासून नारळ मी खवले, पुरणपोळ्या मी लाटल्या. ओटी भरायची वेळ आली तसे हात धुऊन बाहेर आले. तर आई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू आत बस गो. ओटी लेकुरवाळ्यांनी भरूची."

गेले आत. मग बाहेर वाट्या मांडल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. तेजलने पेढा उघडला आणि "मुलगा! मुलगा!" म्हणून बायकांनी घर डोक्यावर घेतलं. आई पेढा द्यायला आत आल्या. म्हणाल्या, "तुका पण कायतरी गुण येवंदे."

माझा तोल गेला. "दोष माझ्यात नाही, तुमच्या अनिरुद्धमध्ये आहे. रिपोर्ट आहे. बापाकडून आलाय, दोन्ही पोरांत आलाय!" डॉक्टर असं ठाम म्हणाल्या नव्हत्या. मला माहीत होतं. तरी बोलले.

आईंनी हातातला पेढा परत ताटलीत ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "मगे तेजलच्या पोटात आसा ता कोणाचा?"

असं होईल हे डोक्यातही नव्हतं. मागे वळले तर दारात तेजल. फुलांचा मुकुट घालून. सगळं ऐकलेलं.

१ डिसेंबर

तेजल बोरिवलीला माहेरी गेली. तिची ओटी अर्धीच राहिली. अनिरुद्ध रात्री हॉलमध्ये झोपला, आज जेवण वाढलं तर ताट सरकवून उठला. आई फोन उचलत नाहीत. परत परत केला, सांगायचं होतं की मी वाढवून बोलले.

आणि खरं सांगू? एक क्षण मला बरं वाटलं होतं. तिचं तोंड उतरलेलं बघून. एकच क्षण. पण वाटलं होतं.

५ डिसेंबर

तेजलचा फोन. मी रडायलाच लागले, तिने थांबवलं. हर्षदमध्येही तोच तुकडा नाही. लग्नानंतर वर्षभरातच कळलं. बाळ सुईनेच राहिलंय, त्याच घाटकोपरच्या बाईंकडे. दोघे भाऊ एकमेकांपासून एकच रिपोर्ट लपवत बसले होते! काल हर्षदने आईंना समोर बसवून सगळं सांगितलं. अनिरुद्धलाही.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफ नाही केलंय अजून, वहिनी. पण रविवारी या. राहिलेली ओटी तुम्ही भरायची, आईंना सांगितलंय मी. मुलगा झाला तर मोठेपणी त्याला खरं सांगणारं घरात कोणीतरी लागेल. आमच्याकडे सगळेच लपवणारे. तुम्हालाच तेवढं गप्प बसता येत नाही."