बोरिंगच्या पाण्याची कॉफी

कोसमटोला, ता. आरमोरी
२ मार्च १९८७, सकाळ

प्रिय खुशालभाऊ,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र आणि कॉफीचं पुडकं पोचलं. बाबांचा खोकला उतरणीला आहे, मायचे गुडघे आहेत तसेच. काल वडशाचे पाहुणे मला बघून गेले. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी तुझ्या कॉफीचा निकाल लावते.

"पूड जास्त घालत असशील, नाहीतर फार उकळत असशील," असं तू बंगलोरला बसून लिहितोस. भाऊ, माझ्या हाताला नावं ठेवू नकोस. बोरिंगच्या पाण्यात तुझी कॉफी शाईसारखी काळी उतरते, दूध घातलं की राखेच्या रंगाची होते आणि जिभेवर लोखंडाची चव राहते. त्याच पाण्यानं भात पिवळा पडतो, बाबांचे पांढरे सदरे तांबूस झालेत. तीच पूड विहिरीच्या पाण्यात टाकली की कॉफीचा वास ओसरीपर्यंत येतो.

मग विहिरीचंच पाणी घे, असं तू म्हणशील. तेच तुला इतके महिने लिहिलं नाही. बोरिंग तुझ्या अर्जामुळे आपल्या मोहल्ल्यात आलं, तू किती खूश होतास. ते सुरू झालं त्याच आठवड्यात गुणवंतराव पाटील विहिरीवर मायला म्हणाले, "तुमच्या दारात सरकारनं पाणी देल्लं ना बाई, मंग इथी काऊन येता?" माय पाण्याचा गुंड रिकामाच घेऊन परतली. विहीर ग्रामपंचायतीची. बाबांनी तरुणपणी भांडून तिथं दोर टाकला होता. आता आपल्यातलं कोणी तिकडे फिरकत नाही. मला याचा फार राग आहे, आणि बाबा गप्प बसले याचाही.

पाहुण्यांपुढे ती काळी कॉफी ठेवायची मला लाज वाटली. शेजारच्या सोनीबाईला जातीमुळे विहिरीवर कोणी अडवत नाही; तिनं कुंपणावरून आपल्या गुंडातलं विहिरीचं पाणी माझ्या गुंडात ओतलं. तिचा नवरा लटारूभाऊ पाटलांचीच शेती बटईनं, अर्ध्या वाट्यावर करतो, म्हणून कुठं बोलायचं नाही असं ठरलं होतं.

आणि बैठकीला पाटील हजर. गावातला मोठा माणूस म्हणून बाबांनीच बोलावलं. आपण या घरी पाणी पितो, भेद पाळत नाही, हे ते पाहुण्यांना रंगवून सांगत होते. मग पहिला घोट घेतला आणि कपात बघत राहिले.

"बोरिंगची कॉफी काळी रायते, बाई. मागं पेलो मी इथीच. हे पाणी कोनं देल्लं?"

कुंपणापलीकडे सोनीबाईचं धान पाखडणं थांबलं.

"कोणी नाई देल्लं, भाऊ. मीच विहिरीवरून भरून आणलं."

"असं? मंग उद्या सर्व्यांसमोर भरून दाखव."

मुलगा आढ्याकडे बघत होता. त्याच्या आईनं मात्र कप पुढं केला, "पोरी, मले अजून अर्धा दे." मला ती बाई आवडली, मुलाचं अजून माहीत नाही.

माय म्हणते, बोललीस ते बोललीस, आता जाऊ नको, आणि खुशालला तर कळवूच नको. मी घाबरले आहे, भाऊ, तुझ्यापासून काय लपवू. पण गेले नाही तर सोनीबाईचं नाव निघणार आणि लटारूभाऊची बटई जाणार.

बाबांनी आत्ता माळ्यावरून जुना दोर काढला. तो झटकून दारात उभे आहेत. "गुंड मी धरतो, दोर तू टाक," एवढंच म्हणाले. पत्र वाटेत पेटीत टाकते.

पूड संपत आली आहे. मोठं पुडकं पाठव. पाण्याचं आम्ही बघतो.

तुझी,
कांता