कुत्र्याचा शेवट

आई, तुला नमस्कार, तोही डाव्या हाताने.

अक्षर बघून घाबरू नकोस. उजवा हात मोडलेला नाही, नुसता सुजलाय. डोक्याला टाकेही चारच पडलेत.

वसतिगृहातलं वाचनालय आम्ही मुलंच चालवतो, हे तुला माहीत आहे. नियम एकच, पुस्तकाचा शेवट कुणाला सांगायचा नाही. आमच्या वर्गातला दांडगट, ज्याला सगळे रेडा म्हणतात, जन्मात पहिल्यांदा पुस्तक वाचत होता. मी प्रमुख असून सहज बोलून गेलो, "शेवटी कुत्रा मरतो."

त्याने माझं डोकं कपाटाच्या काचेवर आपटलं. मी खाली पडलो तरी लाथा थांबेनात. बुटाखाली माझा हात चिरडला. एकाने त्याच्या पाठीत स्टूल घातलं, तेव्हा कुठे तो हटला.

आज तो दवाखान्यात आला. मी आधी तोंडावर उशी धरली.

"कुत्रा जगतो," तो म्हणाला. "तू वाचलंच नाहीस ना?"

खरंच, मी अर्ध्यावर सोडलं होतं. त्याने पुस्तक उशाशी ठेवलं. "शनिवारपर्यंत संपव. मी विचारणार आहे."

तुझी कंबर कशी आहे? बाबांना यातलं काही सांगू नकोस.

आता थांबतो, अजून अर्धं पुस्तक राहिलंय.

तुझा धाकटा