दारातून परत गेलेली बातमी

जळगाव, कार्तिक वद्य पंचमी, शके १८६४

तीर्थस्वरूप अक्काच्या पायांवर धाकट्या सुनंदाचं डोकं. तू उचल म्हणशील तेव्हाच उचलीन.

इकडे सगळे बरे आहेत. मंजूचा खोकला गेला, ह्यांचा आला. रॉकेल मिळत नाही, म्हणून तुळशीपाशी दिवा लागतो त्याच्याच उजेडात पोरांचा अभ्यास होतो (देवाची हरकत दिसत नाही). तुझे गुडघे कसे आहेत? दहाव्याला विचारणार होते, पण तू पाणीसुद्धा मंजूच्या हाती पाठवलंस. सगळ्या दिवसात माझ्याशी एकच वाक्य बोललीस, "आली? पटला वाटतं पुरावा!" ते इथवर माझ्याबरोबर आलं, चाळीसगावला गाडी बदलली तरी उतरलं नाही.

म्हणून घडलं तसं लिहिते. श्रावणात अंगणात आंघोळ करताना नानांच्या डोक्यावर कावळा बसला, आणि आपल्या रीतीप्रमाणे तू कापसाच्या जिनातल्या भटूकरवी सांगावा धाडलास की नाना गेले. नात्यातल्या माणसाने खरं रडावं म्हणजे अरिष्ट टळतं, हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्याच वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. मी जळगाव ते धुळे रडत आले. दारात पाऊल टाकलं तर नाना कळण्याची भाकरी ठेच्याशी खात बसलेले! लेक रडत आलेली बघून काय आनंद झाला त्यांना! "रडनी ना चांगली? मंग आते मी शंभर वरीस जगसू!" तुम्ही सगळे हसलात. मीही हसले, पण परतीच्या गाडीत ठरवलं की आपल्या घरातली पोरं अशी फसायची नाहीत.

दिवसही तसेच होते. जपानी आज स्टेशनावर बॉम्ब टाकणार, उद्या नोटा बंद होणार. आमचा पंडित (ह्यांचा पुतण्या, शिरपूरहून शाळेसाठी आलेला, सोळा वर्षांचा) रोज नवी बातमी आणायचा आणि चौदा वर्षांची मंजू ती चौकात वाटून यायची. दोघांना समोर बसवून मी शिकवलं, बातमी घरात घेण्याआधी तिला दारात तीन प्रश्न विचारायचे. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं का? नाही, तर त्याला कोणी सांगितलं? आणि ह्यात त्याला काय मिळतं? शिवाय ह्याच माणसाने आधी कधी खोटं सांगितलं होतं का, तेही आठवायचं.

पोरं हुशार निघाली, हेच आमचं दुर्दैव. किराणावाले दलिचंदशेठ म्हणाले मीठ संपलं, तर पंडितने गोण्यांमागून पोतं शोधून दाखवलं. (त्या दिवशी मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.) मग राममंदिरात पुराणिकबुवांना मंजूने विचारलं, हे तुम्ही पाहिलंत का? बुवांनी पोथी मिटली. घरी मी तिला रागावले, पण हळू.

आणि मग आश्विनात ती सकाळ. मी काकड्याला गेले होते. तारा तुटलेल्या, म्हणून तुम्ही भटूला रातोरात कापसाच्या मोटारीने धाडलंत. तो दारात म्हणाला, "नाना गयात." पंडितने विचारलं, तू पाहिलंस? बिचाऱ्याला आमच्या दाजींनी जिनातूनच परस्पर धाडलेलं. म्हणाला, "नही, माले दाजीनी सांगं." तुला काय मिळतं? भटू खरं बोलणारा माणूस, म्हणाला, मोटारीचं भाडं आणि इथे जेवण. शिवाय श्रावणातली खोटी बातमी ह्यानेच आणलेली! पंडितने त्याला पाणीही न देता परत पाठवलं. धुळ्यात त्याने सांगितलंच असेल, "ताईना घरमा कोर्ट शे."

मी घरी आले. पंडित म्हणाला, काकू, पुन्हा तोच कावळा आला होता, हाकलला. अक्का, मी त्याची पाठ थोपटली आणि दिवाळीसाठी जपून ठेवलेल्या साखरेतून लाडू करून त्याला दिला. एक मीही खाल्ला.

पाचव्या दिवशी दलिचंदशेठ आले, माल आणायला धुळ्याला गेले होते तिथून थेट. पगडी काढून उभे राहिले. मी विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंत का? ते म्हणाले, "बाई, मी खांदा दिला. दिवस मावळेपर्यंत तुमची वाट पाहिली. भटू एकटाच परतला, तेव्हा उचललं."

तेवढे दिवस मी सुतकात देवाला नैवेद्य दाखवत होते.

आता पंडित कशालाच प्रश्न विचारत नाही. काल म्हणाला, जपानी नंदुरबारला उतरले. मी म्हटलं, कोणी सांगितलं? तर खाली मान घालून म्हणतो, "खरंच असेल, काकू." जेवतही नाही धड. त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतलंय. प्रश्न तेच आहेत, एक वाढवलाय: बातमी खरी निघाली आणि आपण गेलोच नाही तर? खोटी निघाली तर गाडीभाडं बुडतं. भाड्याचा खर्च मी वहीत कुठेतरी बसवते, न जाण्याचा कुठे बसवू? आणि आणणाऱ्याला आधी पाणी द्यायचं, हेही सांगितलं. ते आधी सांगायचं राहिलं होतं.

तुझी,
सुनंदा

ता. क. पंडितवर रागावू नकोस. प्रश्न माझे होते.

दुसरा ता. क. दहाव्याला घाटावर नानांच्या पिंडाला कावळा तासभर शिवला नाही म्हणतात. परवा मी अंगणात वड्या घालत होते तर बोलावल्याशिवाय माझ्या डोक्यावर येऊन बसला. हे म्हणतात, रीतीप्रमाणे कोणाला तरी कळवायला हवं. माझ्यासाठी रडणारं माणूस आता तुझ्यावाचून उरलं नाही, आणि तूही रडशील की नाही, हे कळायला मार्ग नाही. पंडितला तुझ्याकडे धाडतेय. तो दारात उभा राहून सांगेल, काकू गेल्या. बातमी खोटी आहे हे मी तुला आधीच सांगून बसले, कारण आता माझ्याच्याने खोटं पाठववत नाही. तरी त्याला काही विचारू नकोस. पाणी दे, आणि नानांसाठी रडशील त्यातलं थोडं माझ्या नावावर टाक.